फ्लेक्सवर नसलेल्या मुली

ये, वर गच्चीवरच बसू. खाली काकांनी सैन्यात अधिकारी व्हायच्या तयारीची सगळी माहितीपत्रकं पलंगावर मांडून ठेवलीत. दिवाळीला येणारा प्रत्येक पाहुणा त्यातलं एक उचलतो आणि तुला सल्ला देऊन जातो. मघाशी फराळाचं ताट हातात घेऊन तू नुसती मान डोलवत होतीस, पण तुझा चेहरा उतरला होता. माझ्या लक्षात आलं ते. शाल घे, गार लागतंय.

काका मला म्हणाले, "तू या परीक्षा दिल्यात, आता तूच सांग माझ्या लेकीला कुठे घालायचं ते." त्यांना एका ओळीत उत्तर हवंय. मी त्यांना म्हटलं, आधी तिच्याशी बोलते. कारण तुला दहावीच्या वर्षात हे ठरवायचंय आणि मी ते ठरवलं तेव्हा मला खरं सांगणारं कोणी नव्हतं. मी चुकीच्या ठिकाणी पैसे भरले, ते पैसे बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून दिले होते, आणि तिथून मी जे शिकून आले ते विसरायलाच मला वर्ष लागलं. घरात कुणी तो विषय काढत नाही, म्हणून तुला माहीत नाही.

मी बारावी झाले 2016 साली. तेव्हा एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, जाहिरातीत मुलींना जागाच नव्हती. वर्गातल्या मुलांनी अर्ज भरले, मला त्यांच्याइतकंच गणित येत होतं, आणि मी त्यांचे अर्ज भरायला मदत केली. पुढे 18 ऑगस्ट 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुली पहिल्यांदा एनडीएच्या परीक्षेला बसल्या. 2022 साली खडकवासल्याला पहिल्या तुकडीत 19 मुली दाखल झाल्या. 2025 साली 30 मे ला त्यांतल्या 17 जणी तीन वर्षं पूर्ण करून संचलनात चालत बाहेर पडल्या. ते मी मोबाइलवर पाहिलं, स्वयंपाकघरात उभी राहून, आणि पोळी करपली तरी मला कळलं नाही. तुला जे दार आज उघडं दिसतंय ते 2021 च्या आधी नव्हतं. म्हणून वाटतं की तू त्या दाराशी नीट तयारीनं पोचावंस.

आता माझं ऐक. बी.एस्सी. झाल्यावर मी पदवीनंतरची सीडीएस परीक्षा दिली, चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकॅडमीसाठी. लेखी पास झाले. मग सगळे म्हणाले, एसएसबीचा, म्हणजे लेखीनंतरच्या निवड मंडळाच्या चाचण्यांचा, क्लास लावल्याशिवाय होतच नाही. एका शहरात निवासी क्लास होता, नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. बाहेर भलामोठा फ्लेक्स, त्यावर निवड झालेल्यांचे फोटो, खाली ठळक अक्षरांत 'हमखास'. आत एका खोलीत आम्ही चाळीस जण. आम्हाला गोष्टी पाठ करायला दिल्या. एसएसबीच्या पहिल्या दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची असते आणि मग गटात चर्चा करायची असते. क्लासमधले सर म्हणायचे, चित्र काहीही असो, नायक गावात आरोग्य शिबिर भरवतो. भोपाळला एसएसबीला गेले तेव्हा माझ्या गटात पंधरा मुली होत्या, आणि माझ्यासकट चौघींनी आरोग्य शिबिर भरवलं. चित्रात होता एक माणूस आणि एक नाव. पाण्याकाठी. मी आपल्या कृष्णेच्या काठी वाढलेली मुलगी, पुराच्या पाण्यात बाबांबरोबर माणसं हलवलेली, आणि त्या नावेकडे बघून मला आरोग्य शिबिर सुचलं. त्याच संध्याकाळी परत पाठवलं. स्टेशनवर बसून मला रडू आलं ते निवड न झाल्याचं नव्हतं. माझ्याकडे सांगायला स्वतःचं काही होतं आणि मी ते सांगितलं नाही, याचं होतं.

दुसऱ्या वेळी बंगळुरूला मी कुठलाही क्लास न लावता गेले. पाच दिवस राहिले. शेवटच्या दिवशी माझा चेस्ट नंबर पुकारला नाही, पण त्या पाच दिवसांत मी मीच होते. ते दुःख वेगळं, ते पचतं.

घरी आल्यावर एक दिवस सहज त्या क्लासच्या वेळची वही उघडली. मागच्या पानावर आम्हा चाळीस जणांची नावं होती. फ्लेक्सवर त्यातल्या तिघांचे फोटो लागले होते. बाकीच्या सदतीस जणांचं पुढे काय झालं, हे तिथे कुणीही विचारत नव्हतं. आम्ही आत शिरतानाही विचारलं नव्हतं. आधीच्या वर्षीचे असेच सदतीस कुठे गेले, हा एवढा एक प्रश्न मी दारात उभी राहून विचारला असता तर बाबांचं कर्ज वाचलं असतं.

म्हणून तुला सांगते, ठिकाण कुठलंही असो, आधी हाच प्रश्न विचार. निवड झालेल्यांबद्दल ते स्वतःहून सांगतीलच. ज्यांची झाली नाही त्यांना बारावीला किती टक्के मिळाले, ती मुलं आज कुठल्या कॉलेजात आहेत, त्यांतल्या दोघीतिघींचे नंबर द्याल का, असं काकांसमोर, स्वतःच्या तोंडाने विचार. जे सांगतील त्यांच्याकडे थांबायचं. "नकारात्मक विचार कशाला करता ताई" असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठायचं.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते आकड्यांत बघ. एका परीक्षेतून साधारण चारशेच जागा भरायच्या असतात, त्यातही मुलींच्या अगदी थोड्या, आणि देशभरातून लाखो मुलं-मुली बसतात. तू कितीही हुशार असलीस, कितीही चांगल्या ठिकाणी गेलीस, तरी न होण्याची शक्यता मोठी आहे. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. सोळावं-सतरावं अशी दोन वर्षं तू कुणाच्या तरी हवाली करणार आहेस. निवड झाली तर ती वर्षं सत्कारणी लागली असं सगळेच म्हणतील. निवड नाही झाली तरी ती तुझीच राहिली पाहिजेत.

आता खालच्या पलंगावर काय काय आहे ते बघू.

सैनिक स्कूलचं पत्रक काकांनी उगाच आणलंय. साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 सालचं, देशातलं पहिलं, आणि आता तिथे मुलीही घेतात, पण प्रवेश सहावीला किंवा नववीला. तुझा तो टप्पा गेला. छोटू पाचवीत आहे ना, ते पत्रक त्याच्यासाठी जपून ठेव. आणि एक घोळ आपल्याकडे सगळ्यांचाच होतो. केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखालचं सैनिक स्कूल वेगळं आणि आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात आहेत त्या सैनिकी शाळा वेगळ्या. त्यातल्या काही फार छान चालतात. मुळशीजवळ कासार आंबोलीला मुलींची राणी लक्ष्मीबाई सैनिकी शाळा आहे, नाशिकची भोसला तर 1937 पासूनची. पण नुसतं 'सैनिकी' नाव दिसलं म्हणून एनडीएची तयारी होतेच असं धरू नकोस, प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायला लागतं.

खरं पत्रक तळाशी दबलंय, कारण ते चकचकीत नाही. सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, सगळे एसपीआय म्हणतात. संभाजीनगरला मुलांसाठी 1977 पासून राज्य सरकार ती चालवतं. दहावीनंतर मुलं घ्यायची, दोन वर्षं ठेवायची, अकरावी-बारावीही करून घ्यायची आणि एनडीएची तयारीही. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला 2023 साली सुरू झाली. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो, लेखी परीक्षा असते, मग मुलाखत. जागा मोजक्या. माझं मत विचारशील तर पहिला प्रयत्न इथे कर. सरकारी आहे म्हणून खर्च खासगीच्या मानाने फारच कमी, हे एक झालं. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही की तिथे परीक्षा घेऊन प्रवेश देतात. जो क्लास फी भरणाऱ्या प्रत्येकाला घेतो, त्याला तुझ्या तयारीची आधी काळजी नसते. जिथे परीक्षा घेऊन निवडतात, तिथे तुझ्यासारख्याच वीस-पंचवीस मुली शेजारच्या खाटांवर असतात, आणि पहाटे उठायचा कंटाळा आला की त्या तुला उठवतात. हे कुठल्याही शिकवणीत विकत मिळत नाही. शिवाय त्या परीक्षेचा अभ्यास म्हणजे मुख्यतः दहावीपर्यंतचाच अभ्यासक्रम. नाही लागला नंबर, तरी दहावीचा अभ्यास पक्का झालाच.

जाहिरातीवर मात्र डोळा ठेव. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघायचं, कुणी पुढे ढकललेल्या संदेशावर नाही. एकदा तारीख गेली की दहावीचं वर्ष काही परत येत नाही.

त्या खालोखाल माझी पसंती कुठली, हे ऐकून काका नाराज होतील. घरी राहून कराडच्या चांगल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा. हसू नकोस. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचे 120 प्रश्न अडीच तासांत, 300 गुण. आणि ते गणित म्हणजे काय तर त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, व्हेक्टर, संभाव्यता. म्हणजे तुझं अकरावी-बारावीचंच पुस्तक, फक्त वेगाने. एका प्रश्नाला सव्वा मिनिट. मी आता गणिताची शिक्षिका आहे, रोज हेच शिकवते, मला माहीत आहे मुलं कुठे अडतात. त्यांना इंटिग्रेशन येत नसतं असं नाही, त्यांना ते तीन ओळींत करता येत नाही. त्यासाठी जाणता शिक्षक लागतो, जो वर्षभर एकच असेल आणि तुझी वही बघेल. फ्लेक्स लागत नाही. दुसरा पेपर 600 गुणांचा, त्यात 200 इंग्रजीचे आणि बाकीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. यातलं निम्मं तू बारावीसाठी वाचणारच आहेस. गेल्या काही परीक्षांत लेखीची कटऑफ 900 पैकी साधारण 290 ते 360 च्या दरम्यान राहिली आहे. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. हा आकडा कुठलाच क्लास पहिल्या दिवशी सांगत नाही, कारण मग त्याची भीती कमी होते. पण हेही ऐक, तो तिसरा हिस्सा मिळवताना चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. उगाच गोळे रंगवत बसणाऱ्याचं सगळं वाहून जातं.

पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. तू मराठी माध्यमातली, म्हणून काकूला धास्ती वाटते. माझंही मराठी माध्यम होतं. आजपासून गणित-विज्ञानातले शब्द दोन्ही भाषांत एका वहीत लिहायला लाग, रोज दहा. आणि रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाच, मग ती मला फोनवर इंग्रजीत सांग. चुकलीस तर चुकलीस. एसएसबीला मी पाहिलंय, मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या मुली टिकल्या आणि अस्खलित बोलणाऱ्या पण दुसऱ्याला बोलू न देणाऱ्या परत गेल्या.

आणि तिसरं, ती चकचकीत पत्रकं. निवासी अकॅडमी. मी सगळ्यांना एका मापाने मोजत नाही, निवृत्त अधिकाऱ्यांनी जीव ओतून चालवलेल्या काही आहेत. पण आत पाय ठेवण्याआधी काय बघायचं ते सांगते. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं. मंगळवारी किंवा बुधवारी, न कळवता, दुपारी दोनला जा. त्या वेळी वर्गात मुली आहेत का, की ओसरीवर बसून कपडे धुतायत? फळ्यावर काय लिहिलंय? तारीख आजची आहे का? स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी काकूला बोलायला सांग. दूध किती येतं आणि किती मुलींना पुरतं, हे त्या लगेच सांगतात.

मग विचार की अकरावी-बारावी कुठल्या कॉलेजची. बऱ्याच ठिकाणी 'टाय-अप' असतं. म्हणजे नाव एका कॉलेजात, हजेरी कागदावर, आणि प्रयोगशाळा मुलींनी बारावीच्या प्रात्यक्षिकालाच पाहिलेली. माझ्या वर्गात दरवर्षी अशा दोघीतिघी येतात, तिकडून परत आलेल्या. डोळ्यांत काहीच नसतं त्यांच्या. एनडीए झालं नाही, बारावीला पंचेचाळीस टक्के, आणि घरी सांगायची लाज. त्या मुलींमुळेच मी आज तुझ्याशी बोलायला बसले, खरं सांगते. एनडीएच्या हवाई आणि नौदल शाखेसाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित लागतं, म्हणजे बारावी बुडवून एनडीए होतच नाही. आणि आपल्याकडे बऱ्याच अकॅडम्या पोलीस भरती, आर्मी भरती आणि एनडीए एकाच मैदानावर, एकाच शिट्टीवर चालवतात. त्या तीन परीक्षा एक नाहीत. भरतीला धावणं आधी, एनडीएला गणित आधी. सकाळी दहा किलोमीटर पळून आलेली मुलगी दुपारी मॅट्रिक्सच्या तासाला झोपते, त्यात तिचा दोष नाही.

माहितीपत्रकावर कर्नल, विंग कमांडर अशी नावं असतात. ते आठवड्यातून किती वेळा येतात, एवढंच विचार. फी किती टप्प्यांत, आणि मध्येच सोडायचं झालं तर किती परत, हे लेखी मागा. तोंडी "बघू की, आपलीच मुलगी आहे" म्हणाले तर बाबांचा अनुभव काकांना आठवून दे. आणि फोटो बघताना एक लक्षात ठेव. 2025 साली पुण्याची एक मुलगी एनडीएच्या निकालात देशातल्या मुलींमध्ये पहिली आली. आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला. आता असा एखादा चेहरा तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर दिसला तर समजून जा की त्यातल्या कुणीतरी तिला जेमतेम एक सराव परीक्षा दिली असेल.

पण या सगळ्याच्या आधी, एक रुपयाही भरायच्या आधी, डॉक्टर. लोक लाखभर फी भरतात आणि डोळे दोन वर्षांनी तपासतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुलींची उंची किमान 152 सेंटिमीटर लागते, त्यात तू बसतेस. पण रंग नीट ओळखता येतात का, चष्मा लागतोय का, गुडघे एकमेकांना टेकतात का, तळपाय सपाट आहेत का, कानाचं काही आहे का, हे आत्ता कळायला हवं. दातांचेसुद्धा गुण असतात, किमान 14. वैमानिक व्हायचं तुझ्या मनात आहे, तिथे डोळ्यांचे आणि उंचीचे निकष आणखी कडक. काही दोष व्यायामाने किंवा उपचाराने सुधारतात, काही सुधारत नाहीत. रंगांधळेपण असेल तर वैमानिक होता येणार नाही, हे दहावीत कळलं तर तू वेगळी वाट धरशील. बारावीनंतर कळलं तर मोडून पडशील.

आणि रक्त. हे फक्त आपल्या दोघींतलं. तुझी पाळी आली की तू दोन दिवस उठत नाहीस, हे काकूने मला सांगितलंय. लाजू नकोस. हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडच्या मुली चहा-चपाती खाऊन पहाटे पळायला जातात आणि चक्कर आली की स्वतःला कमकुवत समजतात. तसं नसतं ते, बऱ्याचदा अंगात लोह कमी असतं. नाचणी, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे, अंडं, हे सुरू कर, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या घे. डांबरी रस्त्यावर पळू नकोस, नडग्या दुखायला लागतात आणि मग महिनामहिना बसावं लागतं. शाळेच्या मैदानावर, मातीत पळ. आधी चाल, मग पळ, घाई नाही. वसतिगृह बघायला गेलीस की मुलींच्या मजल्यावर रात्री कोण असतं, बाई वॉर्डन तिथेच राहते का, पाळीत धावायला सांगतात का, आजारी पडलं तर किती वेळात डॉक्टर येतो, हे तूच विचार. काका हे विचारणार नाहीत, त्यांना सुचणारच नाही. मैदानावरून खोलीपर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का तेही बघ. तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन एवढंच विचार, "तुझ्या बहिणीला इथे पाठवशील का?" ती उत्तर द्यायच्या आधी किती वेळ थांबते, त्याकडे लक्ष दे.

एसएसबीची तयारी कुठे करायची, हे तू मघाशी विचारत होतीस. तिथे तीन जण तुला वेगवेगळं बघतात. मानसशास्त्रज्ञ तुझं लिहिलेलं वाचतात, मुलाखत घेणारे अधिकारी तुझं बोलणं ऐकतात, आणि मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारे अधिकारी, म्हणजे जीटीओ, तू करतेस काय ते बघतात. मनसा, वाचा, कर्मणा असंच म्हणतात त्याला. तिघांना तीन वेगळ्या मुली दिसल्या तर निवड होत नाही. एका चाचणीत साठ शब्दांवर साठ वाक्यं लिहायची असतात, पंधरा सेकंदाला एक शब्द, म्हणजे पंधरा मिनिटांत साठ. तेवढ्यात पाठ केलेलं आठवत बसलीस तर अर्धे शब्द कोरे जातात. नियम आणि क्रम समजून घ्यायला आठ-दहा दिवसांचं मार्गदर्शन घे, लेखी पास झाल्यावर. त्याआधी नको. त्याआधी तुझी तयारी म्हणजे तू जे रोज जगतेस ते. बैलपोळ्याला शाळेतल्या मुलींना घेऊन तू ती मिरवणूक काढलीस, पोरांनी अडवल्यावर भांडण न करता वाट काढलीस, ते कुठल्याही आरोग्य शिबिरापेक्षा मोठं आहे. एनसीसी मिळाली तर घे. कबड्डी सोडू नकोस. वर्गातल्या सहलीचा हिशोब तू ठेव. आणि लिहून ठेवत जा, रोज चार ओळी, आज काय घडलं आणि मला काय वाटलं.

बारावीच्या वर्षात सप्टेंबरच्या सुमाराला तुझी पहिली परीक्षा, बारावी झाल्यावर एप्रिलच्या सुमाराला दुसरी, मग पुन्हा सप्टेंबर. वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, तुझ्या जन्मतारखेने तीन संधी तर नक्की. त्यासाठी कॉलेज सोडून घरी बसायचं नाही, हे मला वचन दे. बारावीनंतर बी.एस्सी. नाहीतर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा आणि तिथून परीक्षा द्यायच्या. पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलाची एएफसीएटी आहे, एनसीसीचं सी प्रमाणपत्र असेल तर त्याचा वेगळा मार्ग आहे. वैद्यकीयची नीट परीक्षा दिलीस तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, आहे, लष्करातलं नर्सिंग आहे. गणवेशाला अनेक वाटा जातात. माझ्या वेळी एक वाट बंद होती म्हणून मी दुसरी शोधली, तुला तर पहिलीच उघडी आहे.

काकांना काय सांगायचं ते मी बघते. त्यांना वाटतं की जास्त फी म्हणजे जास्त माया. त्यांनी तुझ्यासाठी म्हैस विकायचं मनात घेतलंय, मला आईने सांगितलं. म्हैस राहू दे. तिच्या दुधाने तुझं हिमोग्लोबिन नाही वाढलं तरी अंगात बळ येईल. मी त्यांना म्हणेन, आधी डॉक्टर, मग नाशिकचा अर्ज, मग दहावीचा निकाल, आणि तोवर ती पत्रकं कपाटात. एखादी अकॅडमी बघायचीच असेल तर मी तुमच्याबरोबर येते, मंगळवारी, रजा टाकून.

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीने ये. कराडच्या स्टँडवर मी उभी असेन. डोळे आणि रक्त दोन्ही एकाच दिवसात होईल, रक्तासाठी काही न खाता ये, मी येताना डबा आणते. आणि ते दहावीचं गणिताचं पुस्तक बरोबर घे, त्रिकोणमितीच्या प्रकरणापाशी तू पेन्सिलने जे प्रश्नचिन्ह काढलंयस ना, ते आधी पुसू.